तालुक्याच्या गावी लेखक बोलवायचा आहे? पहिल्यांदाच कार्यक्रम करणाऱ्यांसाठी

निसर्गावर, पाण्यावर, आपल्या माणसांवर लिहिणाऱ्या एखाद्या लेखकाला गावात आणावं, संध्याकाळी दोन तास त्याच्याशी बोलावं, असं वाटणारे चार-पाच जण मराठवाड्यातल्या बहुतेक तालुक्यांत सापडतात. अडतं ते पुढं. कोणाला बोलवायचं, कुठं बसवायचं, पैसे कुठून आणायचे, पोलिसांची परवानगी लागते का, आमदारसाहेबांना बोलवलं नाही तर काय होईल. हा लेख त्या चार-पाच जणांसाठी आहे. माझा एक आग्रह यात सगळीकडं डोकावेल, म्हणून तो आधीच सांगतो: कार्यक्रमाचा निम्मा वेळ समोर बसलेल्यांच्या प्रश्नांसाठी राखायचा. बाकीची तयारी या एका गोष्टीला धरून.

आधी दुसऱ्यांचे कार्यक्रम बघा

स्वतःचा कार्यक्रम ठरवण्याआधी एक हंगाम नुसतं श्रोते व्हा. मराठवाडा साहित्य परिषदेचं मुख्य कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे आणि तिच्या शाखा गावोगावी आहेत. तुमच्या जवळच्या शाखेत कोण आहे ते शोधा, परिषदेचं ‘प्रतिष्ठान’ हे नियतकालिक वाचनालयात मागून चाळा. आपल्या भागात कोण काय लिहितंय याचा अंदाज तिथूनच येतो. जिल्ह्याचा ग्रंथोत्सव हा सरकारी कार्यक्रम असला तरी टाळू नका. जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात विचारलं की तारीख कळते. अंबाजोगाईला नोव्हेंबरच्या शेवटी यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह होतो. साहित्य, शेती आणि गाणं एका मांडवात कसं नांदवायचं, हे बघायला त्याच्यासारखी जागा नाही. एप्रिलमध्ये आंबेडकर जयंतीच्या निमित्तानं जी व्याख्यानं होतात तिथं जा. वक्त्याला अडवून प्रश्न विचारणारा श्रोता तिथं भेटतो. १४ जानेवारीला, नामविस्तार दिनी, संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या गेटवर पुस्तकांच्या स्टॉलपुढं काय गर्दी असते तेही एकदा बघून या. मराठवाड्यात पुस्तक विकत घेणारा माणूस नाही, असं म्हणणारे लोक तिकडं फिरकलेले नसतात.

मोठी संमेलनंही आपल्याकडं झाली आहेत. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. त्याचे अध्यक्ष होते वसईची हिरवाई वाचवण्यासाठी उभे राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. पुढच्याच महिन्यात बीडजवळ पालवणला वृक्ष संमेलन भरलं. एप्रिल २०२२ मध्ये उदगीरला ९५ वं साहित्य संमेलन झालं. त्यांचं कौतुक करा, पण नक्कल करायला जाऊ नका. त्या आकाराचं काहीही तुमच्या पहिल्या कार्यक्रमाला लागू पडत नाही.

जिथं जाल तिथं वहीत तीन गोष्टी टिपा. मुख्य वक्ता बोलायला उभा राहिला तेव्हा कार्यक्रम सुरू होऊन किती वेळ झाला होता? लोक कोणत्या क्षणी उठायला लागले? आणि कुठल्या प्रश्नानं सभा जागी झाली? पाच-सहा कार्यक्रमांत एवढं टिपलंत की निम्मं शिक्षण झालं.

चार माणसं आणि एक वाचनालय

नवीन मंडळ काढून त्याची नोंदणी, शिक्का, लेटरहेड या भानगडीत पहिल्याच वर्षी पडू नका. गावात सार्वजनिक वाचनालय असतं. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेलं, अ-ब-क-ड पैकी कुठल्या तरी वर्गातलं. त्याला जागा असते, बँक खातं असतं, आणि कार्यक्रम घ्यायची हौस असूनही माणसं नसतात. तुम्ही माणसं व्हा. परवानगीचा अर्ज वाचनालयाच्या कागदावर गेला की पोलीस ठाण्यातही काम सोपं होतं.

कामाची वाटणी अशी करा: एक जण लेखकाशी बोलेल, एक जण जागा, बैठक आणि माइक बघेल, एक जण पैसे, एक जण लोकांना निरोप देईल. लेखकाशी बोलणारा एकच असावा. तिघांनी तीन फोन करून तीन वेगवेगळ्या वेळा सांगितल्या की लेखक आधीच गांगरतो.

विषय आधी, नाव नंतर

बहुतेक मंडळी उलटं करतात. मोठं नाव ठरवतात आणि विषय त्यांच्यावर सोडतात. मग पुण्या-मुंबईचे पाहुणे रात्रभर प्रवास करून येतात आणि ‘निसर्ग आणि साहित्य’ असं कुठंही चालेल असं भाषण करून जातात. तुमच्या शिवारातून विषय काढा. जायकवाडीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात उतरणारे पक्षी. गावातली बुजत चाललेली बारव. परभणी जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनी गाळ काढून मोकळी केली, त्या कामावर बोलायला माणसं आहेत. ज्वारी का हटली आणि सोयाबीन का आलं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली लेकरं. संभाजीनगरात असाल तर नहर-ए-अंबरी ही शहराची जुनी पाणीयोजना आणि हिमायतबाग. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी-सास्तूरकडची गावं नव्या जागी वसली, तिथली घरं, अंगणं आणि झाडं यांचं काय झालं, हाही एका संध्याकाळचा विषय आहे.

पाण्याचा विषय घ्याल तर जपून. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेल्या लातूरकरांना ‘पाणी जपून वापरा’ हे बाहेरून येऊन कोणी सांगू नये. त्यांना विचारावं.

विषय ठरला की लेखक आपोआप जवळ येतो. आधी जिल्ह्यातला बघा. मग शेजारच्या जिल्ह्यातला. आणि लेखकासोबत एक जाणकार बसवा, ज्यानं पुस्तक लिहिलेलं नाही पण ज्याला विषय ठाऊक आहे: वनरक्षक, परभणीच्या कृषी विद्यापीठातला एखादा संशोधक, जुना विहीर खोदणारा, मेंढपाळ, बियाणं जपणारी एखादी आजी. दोघांत संवाद ठेवला की भाषणाचा ताठरपणा जातो. मात्र त्या आजीला ‘दोन शब्द बोला’ म्हणून माइकपुढं उभं करू नका, ती ‘मला काय येतंय, बाबा’ म्हणून बसेल. तिला खुर्ची द्या आणि प्रश्न विचारा. बी राखेत कसं ठेवता, कीड लागत नाही का. मग बघा.

उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्यांना विसरू नका. उर्दू कवी सिराज औरंगाबादींचा हा मुलूख आहे, आणि संभाजीनगर, नांदेड, परभणी, बीड इथं शेर ऐकून दाद देणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. एक निमंत्रण उर्दूत छापायला फारसा खर्च येत नाही.

तारीख: इथंच बहुतेक कार्यक्रम पडतात

शहरातलं कॅलेंडर आपल्याकडं चालत नाही. ५ जूनला पर्यावरण दिन म्हणून कार्यक्रम ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. मराठवाड्यात त्या वेळी माणूस मृगाच्या पावसाकडं डोळे लावून बसलेला असतो. बियाणं, खत आणि बँकेची रांग, यातून उठून तो झाडांवरचं भाषण ऐकायला येणार नाही, आणि त्यानं यावं अशी अपेक्षाही बरी नाही. पेरण्या आटोपल्यावर, जुलैच्या शेवटापासून पोळ्यापर्यंत, थोडी उसंत असते. पाऊस मात्र तेव्हा कधीही हाणतो, म्हणून जागा बंदिस्त हवी.

गणपतीत मंडप, माइक आणि माणसं तिन्ही तयार असतात. एखाद्या मंडळाला दहातली एक संध्याकाळ मागून बघा. व्याख्यान हा गणेशोत्सवाचा जुना भागच आहे, मंडळाच्या पोरांना फक्त आठवण करून द्यावी लागते. १७ सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन, हा गावाच्या इतिहासावर बोलायला उत्तम. सकाळी झेंडावंदनाला जमलेले लोक तासभर थांबतात, आणि ज्यांनी रझाकारांचा काळ घरच्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकला ते बोलतातही. त्यानंतर सोयाबीनची काढणी लागली की दसऱ्यापर्यंत कोणाला हाक मारू नका.

५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो. शाळेच्या पोरांसाठी तो चांगला, मोठ्यांसाठी बेताचा, कारण कापसाची वेचणी जोरात असते आणि कधी कधी दिवाळी त्यातच येते. बीड-जालन्याकडच्या वाड्या-तांड्यांत तर दसरा-दिवाळीनंतर कारखान्याला गेलेली माणसं मार्च-एप्रिलशिवाय परतत नाहीत. ऊसतोडीवरचा कार्यक्रम ऊसतोड कामगार गावात नसताना घेण्यात काय मतलब? तो उन्हाळ्यातच घ्या, संध्याकाळी सातनंतर, उघड्यावर.

डिसेंबर-जानेवारी हा सगळ्यात भरवशाचा काळ. फक्त लातूर-धाराशिवकडं येळवस कधी आहे ते बघा. वेळा अमावस्येला सगळा गाव शेतात भज्जी-आंबील खायला जातो आणि बाजारपेठ ओस पडते. त्या दिवशी हॉल घेणं म्हणजे रिकाम्या खुर्च्यांचा सत्कार. धीट असाल तर लेखकालाच शेतात न्या. शेतातल्या कडब्याच्या कोपीपुढं जेवणं झाल्यावर, चिंचेखाली, माइकशिवाय रंगलेल्या गप्पा हॉलमध्ये रंगत नाहीत.

१४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आणि २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन. या दिवसांत शाळा-कॉलेजांना कार्यक्रम घ्यायचेच असतात, म्हणून त्यांचा हॉल आणि कधी कधी प्रवासखर्चही मिळतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून बोर्डाच्या परीक्षा आडव्या येतात. शिवाय तीन किरकोळ पण घातकी गोष्टी: गावातला हरिनाम सप्ताह, दाट लग्नतिथी, आणि क्रिकेटचा मोठा सामना. सप्ताह असेल तर कीर्तनाशी स्पर्धा करू नका. हरणार तुम्हीच.

आठवडी बाजाराचा दिवस लोक टाळतात. माझं मत वेगळं आहे. बाजारासाठी आसपासच्या खेड्यांतली माणसं तालुक्याला आलेलीच असतात. सकाळी अकराला, तासाभराचा, वाचनालयात, खत-पाणी-बियाण्याच्या विषयावर कार्यक्रम ठेवला तर ज्यांना संध्याकाळी येणं शक्यच नाही असे लोक येतात.

जागा, वेळ, आवाज

सव्वाशे माणसं येतील असं वाटत असेल तर ऐंशीची जागा घ्या. दाटीत बसलेली सभा बोलते, आणि विखुरलेली मोबाइल बघते. वाचनालयाचा हॉल, कॉलेजचा सेमिनार हॉल, जिल्हा परिषदेच्या शाळेचं पटांगण, समाजमंदिर, या क्रमानं विचार करा. पत्र्याचं छत असेल तर पावसाळ्यात घेऊ नका, सर आली की माइकही ऐकू येत नाही. उन्हाळ्यात तर तिथं बसवतच नाही.

वेळ ठरवताना खेड्याकडं जाणारी शेवटची मुक्कामी एसटी किती वाजता सुटते ते डेपोत विचारा. तिच्या अर्धा तास आधी कार्यक्रम संपला पाहिजे. कॉलेजच्या मुली आणि खेड्यातल्या शिक्षिका येतात की नाही हे विषयापेक्षा या एका गोष्टीवर जास्त ठरतं. खेड्यातच कार्यक्रम असेल तर उलट: जेवणं उरकून रात्री साडेआठ. पण उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहा ते सकाळी सहा बंद, हा सन २००० च्या ध्वनी नियमांचा दंडक आहे. म्हणून सव्वादहापर्यंत ताणायचा विचार मनात आणू नका. माइक लावणार असाल तर पोलीस ठाण्यात आठवडाभर आधी अर्ज द्या आणि पोच घ्या.

साउंडवाल्याला ‘डीजे नको, बोलण्याचा माइक हवा’ हे स्पष्ट सांगा. दोन माइक लावा, आणि एक कॉर्डलेस प्रश्न विचारणाऱ्यांसाठी, नव्या सेलसकट. देखभालीसाठी वीज कोणत्या दिवशी बंद असते ते वायरमनला विचारून ठेवा. स्लाइड दाखवायच्या असतील तर खिडक्यांना पडदे आहेत का हे त्याच वेळी जाऊन बघा ज्या वेळी कार्यक्रम आहे. दुपारी चारला पश्चिमेच्या खिडकीतून येणारं ऊन पडद्यावरचा माळढोक पुसून टाकतं.

लेखकाशी बोलणं

पहिल्याच फोनमध्ये पाच गोष्टी सांगा: विषय, तारीख-वेळ, श्रोते कोण, प्रवास आणि मुक्कामाची सोय, मानधन किती. मानधनाचा विषय लेखक काढत नाही आणि आयोजकही काढत नाहीत, मग शेवटी पाकिटात काय घालायचं यावर कार्यक्रमाच्या दिवशी कुजबुज चालते. रक्कम थोडी असली तरी आधी सांगा. ‘आमचं बजेट एवढंच आहे, सर’ किंवा ‘मॅडम’ असं म्हटल्यानं कोणी लहान होत नाही. प्रवासखर्च वेगळा, आणि तो त्याच दिवशी हातात.

फोननंतर एक पत्र किंवा व्हॉट्सॲप संदेश पाठवा, ज्यात हे सगळं लिहिलेलं असेल. त्यात आणखी एक वाक्य घाला: ‘आपण ४० मिनिटं बोलावं, नंतरची ४० मिनिटं श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी आहेत.’ चांगला लेखक खूश होतो. जो नाराज होईल त्याला पुढच्या वर्षी मोठ्या सभेला बोलवा.

आणि लेखकाची पुस्तकं आधी गावात फिरू द्या. महिनाभर आधी एका पुस्तकाच्या चार-पाच प्रती विकत घ्या. एक शाळेत, एक वाचनालयात, एक ज्याच्या हॉटेलात कायम चार माणसं बसलेली असतात त्याच्या गल्ल्यावर. दहा जणांनी जरी वाचलं तरी प्रश्नांची जात बदलते. ‘आपल्याला लिहिण्याची प्रेरणा कुठून मिळाली’ या प्रश्नापासून तुमची आणि लेखकाची दोघांचीही सुटका होते.

मंचावरचा वेळ

पैठणचे एकनाथ, नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई. इथला श्रोता कीर्तनात घडलेला आहे. तो मांडी घालून दोन तास बसतो, दृष्टान्त आला की मान डोलावतो. तो कंटाळतो तो सत्कारांना. मी पाहिलेल्या एका कार्यक्रमात मंचावर चौदा जण होते, प्रत्येकाला शाल-श्रीफळ, प्रत्येकाच्या नावाआधी तीन विशेषणं. पाहुणे लेखक उभे राहिले तेव्हा मागच्या रांगा उठल्या होत्या.

म्हणून मंचावर तिघंच: लेखक, जाणकार, बोलतं करणारा. स्वागत दोन मिनिटं, पुस्तक देऊन. रोप द्यायची नवी पद्धत चांगली दिसते, पण एसटीनं परत जाणाऱ्या माणसानं एप्रिलमध्ये ते रोप मांडीवर घेऊन कुठं जायचं? रोप द्यायचंच तर गावात लावा आणि कोण पाणी घालणार त्याचं नाव ठरवा.

पुढाऱ्यांचं काय? त्यांना निमंत्रण जरूर द्या, पहिल्या रांगेत मानानं बसवा, आणि घरी जाऊन आधीच सांगा की या कार्यक्रमात भाषणं नाहीत, तुम्हीही प्रश्न विचारा. बहुतेक जण समजून घेतात. काहींना बरंच वाटतं, त्यांच्या दिवसातलं एक भाषण कमी झालेलं असतं. देणगी देणाऱ्याचं नाव बॅनरवर असेल, मंचावर नसेल, हेही पैसे घ्यायच्या आधी बोला.

प्रश्न

‘कोणाला काही विचारायचंय का?’ असं म्हटलं की शांतता पसरते, आणि मग नेहमीचेच एक गृहस्थ उठून दहा मिनिटं आपलं मत मांडतात. हे टाळायचं असेल तर सुरुवातीलाच कागदाचे तुकडे आणि पेन्सिली वाटा. चिठ्ठीवर नाव लिहायची सक्ती नको. बायका आणि पोरं चिठ्ठीवर जे विचारतात ते माइकवर विचारत नाहीत. पहिले तीन प्रश्न चिठ्ठ्यांतले घ्या, त्यातला एक पोराचा. मग माइक फिरवा. लांबण लावणाऱ्याला थांबवायचं काम बोलतं करणाऱ्याचं: ‘काका, तुमचा प्रश्न एका वाक्यात सांगा’ एवढं हसत म्हणायची त्याची तयारी हवी.

वन्यजीवांवरचा कार्यक्रम असेल तर एक प्रश्न हमखास येणार: रोही (नीलगाई) आणि रानडुकरं उभं पीक खातात, त्याचं काय? लेखकाला याची कल्पना आधी द्या. अभयारण्याच्या गोष्टी सांगायला आलेला माणूस या प्रश्नावर गोंधळला की सभा हातची जाते. वन विभागाच्या माणसाला त्या दिवशी मंचावर नाही पण सभेत बसवा, पीक नुकसानीचा अर्ज कसा करायचा हे तो सांगेल. उत्तर अपुरं असलं तरी चालेल, पण प्रश्न बाजूला सारू नका. रात्री जागलीला जाणारा शेतकरी निसर्गप्रेमाच्या कार्यक्रमाला आला, हीच मोठी गोष्ट आहे.

जमलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला शिवारफेरी ठेवा. वीसपेक्षा जास्त माणसं नकोत, पाण्याची बाटली आणि बूट प्रत्येकाचे. पैठणजवळ असाल तर जायकवाडीचा काठ, कन्नडकडं गौताळा, संभाजीनगरात सलीम अली सरोवर, बाकी ठिकाणी गावातलं तळं किंवा नदीचं पात्र. अभयारण्यात शिरायचं असेल तर वन विभागाला आधी विचारून ठेवा. आदल्या संध्याकाळी गप्प बसलेली माणसं चालताना बोलतात.

दुसऱ्या दिवसापासून

पुस्तक विक्रीचं टेबल दाराजवळ ठेवा, आत कोपऱ्यात नको, आणि सुटे पैसे आणि क्यूआर कोड दोन्ही ठेवा. चहा कार्यक्रमानंतर द्या. आधी दिला की लोक चहा पिऊन चालू लागतात.

हिशेब आठ दिवसांत वाचनालयाच्या फलकावर लावा: कोणी किती दिले, साउंडवाल्याला किती, प्रवासाला किती, चहाला किती. शिल्लक असेल तर पुढच्या लेखकाची पुस्तकं आत्ताच घ्या. चिठ्ठ्या फेकू नका. वेळेअभावी राहिलेले प्रश्न लेखकाला पाठवा, उत्तरं आली की तीही त्याच फलकावर लावा. आणि त्या चिठ्ठ्या चौघांनी बसून पुन्हा वाचा, पुढच्या कार्यक्रमाचा विषय बहुधा त्यांतच कोणीतरी लिहून ठेवलेला असतो.